खाणमालक आणि कूळ

पेडण्यात १२ मार्च १९११ रोजी जन्मलेले दयानंद ऊर्फ भाऊसाहेब बांदोडकर खाणव्यवसायात संपन्न झाले आणि डिसेंबर १९६३मध्ये गोव्याचे पहिले मुख्यमंत्री झाले. स्वतः धनिक असूनही त्यांनी कुळांची बाजू घेतली, हे आम्हांस विशेष वाटते. १९६४च्या कूळकायद्याने भाटकाराच्या मनमानीला आळा बसला. कसणाऱ्याला मालकी देणारी दुरुस्ती मात्र १९७६मध्ये, त्यांच्या कन्या शशिकलाताई काकोडकर यांच्या कारकिर्दीत झाली. भाऊसाहेब १२ ऑगस्ट १९७३ रोजीच निवर्तले होते. आमच्या मांद्र्यातील जुन्या घराण्यांना हा विषय आजही हळवा आहे. तरीही नांगर धरणाऱ्याने दुसऱ्याच्या मर्जीवर जगू नये, हा त्यामागील न्याय आपण मोकळ्या मनाने मान्य केला पाहिजे.