लोणारचा दगड गेला कुठे?

आमचे कसाल मुंबई-गोवा महामार्गावर. मालवणला जाणारा फाटा इथूनच फुटतो. गावातली जुनी घरे जांभ्याच्या चिऱ्यांची, त्यामुळे दगड म्हणजे जांभा हे आम्ही गृहीतच धरलेले. १९७१ साली मी पुण्याला बी.एस्सी.ला भूशास्त्र घेतले, तेव्हा आजोबा म्हणाले, "दगड फोडूक कॉलेजात कित्याक जावक व्हया रे?" उत्तर माझ्याकडेही नव्हते.

पहिल्याच आठवड्यात सरांनी प्रत्येकाला आपल्या गावचा दगड आणायला सांगितला. मी अर्थातच चिऱ्याचा तुकडा नेला. सर खूश झाले. फ्रान्सिस बुकानन हा इंग्रज सरकारचा डॉक्टर मलबारमधून हिंडला. खाणीत मऊ असणारा आणि हवेत टणक होणारा हा दगड त्याने पाहिला आणि १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या प्रवासवर्णनात त्याला लॅटिनमधल्या विटेच्या शब्दावरून 'लॅटेराइट' असे नाव दिले. आमच्या चिरेखाणीतल्या गड्यांना हा गुण ठाऊकच होता. नाव मात्र साहेबाचे लागले.

पण मला सांगायचे आहे ते लोणारविषयी. बुलढाणा जिल्ह्यातले हे विवर सुमारे १.८ किलोमीटर रुंद आहे आणि आत खारे पाणी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने १८२३ साली त्याची नोंद केली. आजूबाजूला सगळा लाव्हाचा काळा पाषाण, तेव्हा हेही ज्वालामुखीचेच काम, असे बहुतेकांनी मानले. पहिल्या वर्षी आम्हीही वहीत तेच उतरवून घेतले.

अमेरिकेतला मोठा भूवैज्ञानिक ग्रोव्ह गिल्बर्ट याचीही यात गंमत आहे. चंद्रावरची विवरे आघातांनी झाली, असे त्याने १८९३ मध्ये मांडले, आणि ते बरोबर निघाले. पण ॲरिझोनातल्या विवरापाशी त्याने पुरलेला लोखंडी गोळा चुंबकाने शोधला, तो सापडला नाही. मग १८९६ मध्ये त्याने ते वाफेच्या स्फोटाने झाले असे ठरवले, आणि जोडीला उदाहरण दिले आपल्या लोणारचे! आकाशातले बरोबर आले, पायाखालचे चुकले.

लोणारला अशनी पडली असावी, असे लॅफॉन्ड आणि डिट्झ यांनी १९६४ मध्ये सुचवले, तेही शीर्षकात प्रश्नचिन्ह ठेवून. निकाल लागला १९७३ मध्ये. फ्रेड्रिकसन, दुबे, मिल्टन आणि बालसुंदरम यांचा लेख 'सायन्स' या नियतकालिकात आला. विवराच्या तळाशी भोके पाडून काढलेल्या दगडात त्यांना मॅस्केलिनाइट सापडले होते.

आमच्या शेवटच्या वर्षी सर त्या लेखाची प्रत घेऊनच वर्गात आले. म्हणाले, "पहिल्या वर्षीचे लोणारचे पान काढा आणि त्यावर काट मारा." मग त्यांनी कारण समजावले. दगडाचा ०.०३ मिलिमीटर जाडीचा काप करून ध्रुवित प्रकाशाच्या सूक्ष्मदर्शकाखाली फिरवला, की त्यातले फेल्स्पारचे स्फटिक आळीपाळीने उजळतात आणि काळवंडतात. मॅस्केलिनाइटचा आकार फेल्स्पारचाच, पण ते कसेही फिरवा, काळेच राहते. आघाताच्या दाबाने, म्हणजे हवेच्या दाबाच्या सुमारे तीन लाख पट दाबाने, स्फटिकाची आतली मांडणी न वितळताच मोडते आणि काचेसारखी होते. एवढा दाब ज्वालामुखी देऊ शकत नाही. हा पदार्थ प्रथम ओळखला गेला तोही १८६५ साली बिहारात शेरघाटीला पडलेल्या अशनीत. ती अशनी मंगळावरून आली, हे पुढे कळले.

क्रमिक पुस्तकात मात्र ज्वालामुखीच होता. एकाने विचारले, "सर, परीक्षेत काय लिहायचे?" पेपर तपासणारा कोण असेल, सांगता येत नव्हते, आणि आमच्यातल्या बहुतेकांची नोकरीची आशा त्या मार्कांवरच. सर जरा थांबले. "दोन्ही लिहा. कोणते कशामुळे टिकते, तेही लिहा. मार्क गेले तर मला शिव्या द्या."

वादाचे एक टोक अजून मोकळे आहे. विवराचे वय एका पद्धतीने सुमारे ५२ हजार वर्षे येते, तर २०११ मध्ये आर्गॉन पद्धतीने ते सुमारे ५ लाख ७० हजार वर्षे आले. भोवतालचा पाषाण मात्र साडेसहा कोटी वर्षांचा.

त्या मे महिन्यात घरी आलो तेव्हा पडवीत बसून आजोबांना सगळी हकिकत सांगितली. त्यांनी शांतपणे ऐकून घेतले आणि विचारले, "मगे तो पडलेलो दगड खंय गेलो?"

गिल्बर्टने विचारलेला प्रश्न तो हाच. मी सांगितले, एवढ्या वेगाने आदळल्यावर तो बहुतेक वितळून आणि वाफ होऊन गेला. आजोबांनी सुपारी कातरता कातरता माझ्याकडे पाहिले.

"म्हणजे चोर गावलो नाय, पायांचो ठसो गावलो," ते म्हणाले आणि अडकित्ता बाजूला ठेवून पुढचे विचारू लागले.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)