डिझेल ट्रकमधील इंटरकूलर

इंटरकूलर किंवा आंतरशीतक हे टर्बोचार्जरने दाबलेली आणि त्यामुळे तापलेली हवा इंजिनात शिरण्यापूर्वी थंड करणारे उपकरण आहे. हवा थंड झाली की तिची घनता वाढते. त्यामुळे प्रत्येक सिलिंडरला अधिक प्राणवायू मिळतो, ज्वलन स्वच्छ होते आणि इंजिनाच्या अंतर्भागावरील उष्णतेचा ताण कमी होतो. अवजड माल वाहणाऱ्या, ट्रेलर ओढणाऱ्या किंवा बंद पडलेली वाहने ओढून नेणाऱ्या डिझेल ट्रकांना, विशेषतः सह्याद्रीतील आंबोलीसारख्या घाटमार्गांवर, या उपकरणाचा मोठा उपयोग होतो. मात्र इंटरकूलर स्वतः शक्ती निर्माण करीत नाही आणि घाट उतरताना त्याची कोणतीही मदत होत नाही.

नाव

अनेक टप्प्यांच्या वायुसंपीडकात दोन टप्प्यांच्या मध्ये हवा थंड करणारे उपकरण ते इंटरकूलर आणि अखेरच्या टप्प्यानंतर थंड करणारे ते आफ्टरकूलर, असा भेद यंत्रशास्त्रात केला जातो. या व्याख्येनुसार ट्रकमधील उपकरण आफ्टरकूलर ठरते. तथापि वाहनव्यवसायात 'इंटरकूलर' हेच नाव रूढ झाले आहे. भारतीय ट्रकांच्या व इंजिनांच्या नावांत आढळणाऱ्या 'टीसी' या अक्षरांचा अर्थ टर्बोचार्जर असलेले इंजिन, तर 'टीसीआयसी' या अक्षरांचा अर्थ टर्बोचार्जर व इंटरकूलर दोन्ही असलेले इंजिन असा होतो.

इतिहास

निष्कासित वायूंच्या ऊर्जेवर चालणाऱ्या टर्बोचार्जरची कल्पना स्विस अभियंते आल्फ्रेड ब्यूची यांनी मांडली व १९०५ मध्ये तिचे पेटंट घेतले. प्रारंभी तिचा उपयोग जहाजांच्या आणि स्थिर इंजिनांत झाला. १९३८ मध्ये स्वित्झर्लंडच्या साउरर कंपनीने टर्बोचार्जर असलेले ट्रकचे इंजिन तयार केले, तर १९५४ मध्ये स्वीडनच्या व्होल्वो कंपनीने टायटन टर्बो हा ट्रक बाजारात आणला. टर्बोचार्जरचा दाब जसजसा वाढत गेला, तसतशी दाबलेल्या हवेच्या तापमानाची अडचण ठळक झाली आणि इंटरकूलरची गरज निर्माण झाली.

भारतीय रेल्वेच्या डब्ल्यूडीएम-२ या २,६०० अश्वशक्तीच्या डिझेल इंजिनात टर्बोचार्जरसोबत पाण्याने थंड होणारे आफ्टरकूलर होते. वाराणसीच्या कारखान्यात या इंजिनांची बांधणी १९६४ पासून सुरू झाली. रस्त्यावरील ट्रकांत मात्र दीर्घकाळ टर्बोचार्जरविरहित इंजिनेच प्रचलित होती. टाटांच्या ६९२ व ६९७ या इंजिनांच्या नावांतील पहिला अंक सिलिंडरांची संख्या आणि पुढील दोन अंक सिलिंडरचा मिलिमीटरमधील व्यास दर्शवितात. ६९७ हे ५,६७५ घन सेंटिमीटरचे इंजिन पुढे टर्बोचार्जरसह आणि त्यानंतर इंटरकूलरसह उपलब्ध झाले. प्रदूषणविषयक भारत स्टेज मानके कठोर होत गेली, तसा इंटरकूलर अवजड वाहनांचा नित्याचा भाग बनला. भारत स्टेज ४ ही मानके १ एप्रिल २०१७ पासून देशभर, तर भारत स्टेज ६ ही १ एप्रिल २०२० पासून लागू झाली.

कार्यतत्त्व

कोणताही वायू जलद दाबला असता तापतो. सायकलच्या चाकात हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, ते याच कारणाने. ३० अंश सेल्सियस तापमानाची हवा टर्बोचार्जरने वातावरणाच्या दुप्पट दाबावर नेली आणि संपीडकाची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर ती सुमारे १२५ अंशांपर्यंत तापते. दाब दुप्पट झाला तरी तापमान वाढल्यामुळे घनता दुप्पट होत नाही. ती सुमारे दीडपट राहते.

हीच हवा इंटरकूलरमध्ये ५५ अंशांपर्यंत थंड केली, तर तिची घनता आणखी सुमारे २१ टक्क्यांनी वाढते. इंटरकूलरच्या नळ्यांमधून जाताना हवेचा थोडा दाब खर्ची पडतो. तो पाच टक्के धरला, तर निव्वळ लाभ सुमारे १५ टक्के उरतो. म्हणून इंटरकूलरचे मोल दोन गोष्टींवरून ठरते: तो हवा किती थंड करतो आणि त्यासाठी किती दाब गमावतो.

समुद्रसपाटीपासून उंच गेल्यावर हवा विरळ होते. सुमारे ६९० मीटर उंचीवरील आंबोलीत वातावरणाचा दाब समुद्रसपाटीच्या तुलनेत सुमारे ८ टक्के कमी असतो. टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाला ही तूट सरळ भोगावी लागते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात ती बऱ्याच अंशी भरून निघते.

प्रकार

ट्रकांमध्ये प्रामुख्याने हवेने हवा थंड करणारा इंटरकूलर वापरतात. ॲल्युमिनियमच्या चपट्या नळ्या आणि त्यांमधील पातळ पंख अशी त्याची रचना असते. तो बहुधा रेडिएटरच्या पुढे बसविलेला असतो. दुसऱ्या प्रकारात हवा पाण्याने थंड केली जाते. हा प्रकार आकाराने आटोपशीर असतो. परंतु त्याला स्वतंत्र पाणी, पंप व रेडिएटर लागतो. सागरी इंजिनांत समुद्राचे पाणी सहज उपलब्ध असल्यामुळे तेथे हा प्रकार सोयीचा ठरतो.

आंबोली घाट आणि ओढीचे काम

आंबोली हे सिंधुदुर्ग जिल्ह्याच्या सावंतवाडी तालुक्यातील थंड हवेचे ठिकाण आहे. सावंतवाडीहून दाणोलीमार्गे येणारा रस्ता आंबोली घाट चढून माथ्यावर येतो आणि तेथून आजरा–संकेश्वर व बेळगाव या दिशांना जातो. किनाऱ्यावरील मासळी, कोकणातील जांभ्या दगडाचे चिरे आणि घाटमाथ्यावरील भाजीपाला व धान्य यांच्या वाहतुकीसाठी हा मार्ग उपयुक्त आहे.

बंद पडलेले वाहन दुसऱ्या वाहनाने ओढून नेण्याला महाराष्ट्रातील चालकांच्या बोलीत 'टोचन' म्हणतात. घाटातील टोचन हे इंजिनासाठी अत्यंत कष्टाचे काम असते. १० टनांचा ट्रक १२ टनांच्या बंद ट्रकाला ओढत आहे आणि रस्त्याचा चढ २० मीटरला १ मीटर आहे असे मानल्यास, ताशी १५ किलोमीटर वेग राखण्यासाठी चाकांवर सुमारे ५४ किलोवॉट, म्हणजे जवळपास ७३ अश्वशक्ती लागते. गिअर व धुरा यांमधील घट धरली, तर इंजिनाला सुमारे ८५ अश्वशक्ती सतत द्यावी लागते. सपाट रस्त्यावर एवढी शक्ती काही क्षणांपुरती लागते, घाटात मात्र ती अर्धा-अर्धा तास लागते. शिवाय वेग कमी असल्यामुळे इंजिनाला थंड करणारा वाराही कमी मिळतो.

अशा वेळी सर्वाधिक ताण निष्कासित वायूंच्या तापमानावर येतो. टर्बाइनच्या तोंडाशी हे तापमान दीर्घकाळ सुमारे ७०० अंश सेल्सियसच्या वर राहिले, तर पिस्टन, झडपा व टर्बोचार्जर यांना इजा पोहोचू शकते. इंधनाचे प्रमाण तेच ठेवून आत येणारी हवा थंड केल्यास निष्कासित वायूंचे तापमानही ढोबळ मानाने तेवढ्याच अंशांनी उतरते. ओढीच्या कामात इंटरकूलरचा पहिला आणि सर्वांत खात्रीचा लाभ हाच आहे.

शक्तीविषयीचा गैरसमज

इंटरकूलर बसविताच ट्रकची शक्ती वाढते, हा समज पूर्णपणे बरोबर नाही. डिझेल इंजिनाची शक्ती प्रामुख्याने सिलिंडरमध्ये किती इंधन सोडले जाते यावर अवलंबून असते. हवा वाढली आणि इंधन तेवढेच राहिले, तर धूर व उष्णता कमी होते आणि इंधनाचा उपयोग किंचित सुधारतो. शक्तीत मोठा फरक पडत नाही.

अमेरिकेतील डॉज रॅम या ट्रेलर ओढण्यासाठी लोकप्रिय असलेल्या वाहनाचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९८९ मध्ये त्यात कमिन्स कंपनीचे ५.९ लिटरचे टर्बोचार्जर असलेले डिझेल इंजिन इंटरकूलरविना देण्यात आले. १९९१ च्या मध्यास त्याला इंटरकूलर जोडण्यात आला; तरीही जाहीर शक्ती पूर्वीइतकीच, १६० अश्वशक्ती, राहिली.

अधिक शक्ती हवी असल्यास डिझेल पंपाची मात्रा वाढवावी लागते. तसे केले की इंटरकूलरने मिळविलेला थंडावा पुन्हा खर्ची पडतो. वाढलेल्या ओढीचा भार क्लच, गिअरबॉक्स, कार्डन शाफ्ट आणि मागील धुरा यांवर येतो. हे भाग मूळ शक्तीसाठी बनविलेले असतात. म्हणून जुन्या इंजिनाला इंटरकूलर जोडल्यावर पंप मूळ मापावरच ठेवणे हा सर्वांत सुरक्षित मार्ग ठरतो.

जुन्या ट्रकला इंटरकूलर जोडणे

टर्बोचार्जर नसलेल्या इंजिनाला इंटरकूलरचा उपयोग नाही, कारण त्यात थंड करण्याजोगी तापलेली हवाच नसते. टर्बोचार्जर असलेल्या इंजिनात संपीडकाकडून येणारा पाइप इंटरकूलरच्या एका टोकाला आणि दुसऱ्या टोकाचा पाइप इंजिनाच्या हवेच्या मुखाला जोडला जातो. जोडांसाठी उष्णता व दाब सहन करणारे सिलिकॉनचे होज आणि घट्ट क्लॅम्प लागतात. इंजिन रबरी माउंटिंगवर हलते, तर इंटरकूलर चासीवर स्थिर असतो. हा फरक सामावून घेण्यासाठी जोड लवचीक असावे लागतात.

इंटरकूलरमधून तापून आलेली हवा मागच्या रेडिएटरवर जाते. त्यामुळे सपाट रस्त्यावर व्यवस्थित चालणारा ट्रक घाटात पाणी उकळू लागण्याची शक्यता असते. सुस्थितीतील पंखा, त्याभोवतीचे आच्छादन आणि गाळमुक्त रेडिएटर या गोष्टी इंटरकूलरइतक्याच आवश्यक ठरतात. हवेचा दाब व निष्कासित वायूंचे तापमान दर्शविणारे मापक जोडल्यास चालकाला इंजिनाची स्थिती वेळीच कळते.

उतार आणि ब्रेक

इंटरकूलरमुळे चढण सुसह्य होते, परंतु तीच वजने नंतर खाली उतरवायची असतात. वर दिलेल्या उदाहरणातील २२ टनांचा भार त्याच उतारावर ताशी १५ किलोमीटर वेगाने उतरविताना सुमारे ३६ किलोवॉट ऊर्जा शोषून घ्यावी लागते. म्हणजे एक किलोवॉटच्या ३६ विजेच्या शेगड्यांची उष्णता. ती केवळ पायातील ब्रेकवर सोपविली, तर ब्रेक लायनर तापून निकामी होण्याचा धोका असतो. बंद वाहनाचे इंजिन चालू नसल्यास त्याच्या एअर ब्रेकला हवा मिळत नाही आणि सर्व भार पुढील ट्रकवर येतो. त्यामुळे खालचा गिअर, एक्झॉस्ट ब्रेक आणि लोखंडी दांडीची जोडणी यांना पर्याय नाही. चढताना मिळालेल्या वेगावरून उतरण्याचा वेग ठरविणे घातक ठरू शकते.

पावसाळा आणि देखभाल

आंबोलीत वर्षाला सुमारे ७,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. महाराष्ट्रातील सर्वाधिक पावसाच्या ठिकाणांत तिची गणना होते. पावसाळ्यात घाटातील हवा बाष्पाने जवळजवळ संपृक्त असते. २२ अंशांची अशी हवा दुप्पट दाबावर नेली की तिचा दवबिंदू सुमारे ३४ अंशांवर जातो. इंटरकूलरमध्ये ती याहून अधिक थंड झाल्यास बाष्पाचे पाणी होऊन टर्बोचार्जरमधून झिरपलेल्या तेलासह तळाशी साचते. ते वेळोवेळी काढून टाकावे लागते.

पंखांमध्ये अडकलेला चिखल, पालापाचोळा व कीटक कमी दाबाच्या पाण्याने धुतात. जोराच्या फवाऱ्याने नाजूक पंख दुमडतात. होज फाटला किंवा क्लॅम्प सैल झाला, तर शिट्टीसारखा आवाज येतो, काळा धूर वाढतो आणि चढावर ओढ कमी पडते. जोडांवर साबणाचे पाणी लावून व आत हवेचा दाब देऊन गळती शोधता येते. आंबोलीचा मुख्य धबधबा रस्त्यालगत असल्याने पावसाळ्यात तेथे पर्यटकांची गर्दी होते आणि वाहने चढावरच थांबतात. अशा वेळी तापलेले इंजिन लगेच बंद न करता एक-दोन मिनिटे मंद गतीने चालू ठेवल्यास टर्बोचार्जरच्या बेअरिंगचे रक्षण होते.

कायदेशीर बाजू

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाने मूळ ठरविलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल, असा बदल वाहनमालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मधील निर्णयात या तरतुदीचा काटेकोर अर्थ लावला. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ अन्वये नियमबाह्य बदलासाठी सहा महिन्यांपर्यंत कारावास, प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. त्यामुळे इंजिनात बदल करण्यापूर्वी उत्पादकाची शिफारस पाहणे आणि प्रादेशिक परिवहन कार्यालयाकडून त्याची अनुज्ञेयता जाणून घेणे आवश्यक आहे.

हेही पहा

टर्बोचार्जर
डिझेल इंजिन
एक्झॉस्ट ब्रेक
भारत स्टेज मानके
आंबोली