हबवरची तारीख

‘एडब्ल्यू ५६ ४’ : इंग्लंडमधील नॉटिंगहॅमच्या स्टर्मी-आर्चर कंपनीच्या तीन गिअरच्या हबवरचा, म्हणजे सायकलच्या मागच्या चाकाच्या मध्यभागावरचा, ठसा. ‘एडब्ल्यू’ हे मॉडेलचे नाव, ५६ म्हणजे १९५६ आणि ४ म्हणजे एप्रिल. हे मॉडेल १९३६ मध्ये बाजारात आले. मधल्या गिअरमध्ये चाक मागच्या दातेरी चक्राच्याच वेगाने फिरते. खालच्या गिअरमध्ये ते पाऊणपट, तर वरच्यात सव्वापटीहून थोडे जास्त. आकडे दिसत नसतील तर आऱ्यांमधला मेणचट थर रॉकेलच्या फडक्याने पुसावा. सँडपेपर लावल्यास ठसाच जायचा.

प्रत्येक कारखान्याची खूण वेगळी. इटलीच्या काम्पान्योलोने ‘नुओव्हो रेकॉर्ड’ या गिअर बदलणाऱ्या यंत्रणेवर ‘पेटंट-७५’ असे कोरले असेल, तर ते वर्ष साधारण १९७५ धरतात. जपानच्या शिमानोने १९७६ पासून दोन अक्षरे वापरली: पहिले वर्षाचे, दुसरे महिन्याचे. त्यामुळे ‘ईसी’ म्हणजे मार्च १९८०.

मात्र ही तारीख त्या सुट्या भागाची असते, सायकलची नव्हे. चाके बदलली जातात, हबच्या जुन्या कवचात दुसऱ्या वर्षाचे गिअरही बसवलेले असतात. शिवाय नवा हब सायकलला लागेपर्यंत काही महिने गोदामात पडून राहू शकतो. म्हणून फ्रेमचा क्रमांक, ब्रेक, क्रँक आणि दोन्ही हब ताडून पाहावेत. बहुतेक भाग एकाच सुमाराचे निघाले, तरच सायकलचे वर्ष सांगावे.