वैमानिकाची वही

लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी गंगापूरच्या बाजारपेठेतून एक फेरी मारायची, हा माझा जुना परिपाठ आहे. गेल्या दिवाळीत एका ओळखीच्या आडत्याच्या पेढीवर डोकावलो, तर पाटावर लाल कापडी बांधणीची कोरी वही, तिच्या पहिल्या पानावर कुंकवाने काढलेले ‘श्री’, आणि शेजारी संगणक. त्यालाही हळदकुंकू, त्याच्याही डोक्यावर झेंडूचे फूल!

“शेठजी, हिशेब नक्की कशात लिहिता?” मी विचारले.

“लिहितो यात,” संगणकाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “पण पूजा वहीची. वीज गेली तर लक्ष्मीने बसायचे कुठे, गुरुजी?”

दुसऱ्याच दिवशी माझा एक जुना विद्यार्थी फराळाला आला. गणितात बरा, अक्षर मात्र कोंबडीच्या पायासारखे. आता तो विमानात सहवैमानिक आहे. पेढीवरची गोष्ट सांगताच तो हसला. “आमची वही तर केव्हाच गेली, गुरुजी. आता सगळे या पाटीत.” आणि त्याने पिशवीतून टॅब काढून माझ्यापुढे धरला.

पाटी! शब्द त्याच्या तोंडून सहज गेला, पण मी त्याला धरून बसवले. मी दहावी शिकलेला शाळामास्तर. विमानात अजून पाऊल ठेवलेले नाही. पण विमानाच्या कागदांविषयीचा एक प्रश्न माझ्या घरात तीस वर्षांहून अधिक काळ पडून होता. तो कसा, ते पुढे सांगतो.

आरंभी वैमानिकाकडे कागद तो केवढा? १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जे. आर. डी. टाटा टपालाच्या थैल्या घेऊन एका इंजिनाच्या चिमुकल्या विमानातून कराचीहून निघाले आणि अहमदाबादमार्गे मुंबईच्या जुहूला उतरले. टाटांच्या नियमित हवाई टपालसेवेचा तो शुभारंभ. खालच्या नद्या, आगगाडीचे रूळ पाहत जायचे, असेच ते दिवस होते. तिकडे अमेरिकेत एल्रे जेप्सन नावाचा टपालवैमानिक दहा सेंटांच्या काळ्या वहीत टेकड्यांची उंची, धावपट्ट्यांची लांबी असे बारकावे टिपून ठेवी. बरोबरीचे वैमानिक ती वही मागू लागले, तेव्हा १९३४ साली त्याने नकला विकायला काढल्या. जगभरच्या वैमानिकांचे नकाशे पुढे त्याच्या नावाने ओळखले जाऊ लागले. एका माणसाच्या खिशातल्या वहीचा हा विस्तार!

दुसरा कागद मात्र अपघाताने दिला. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकी सैन्यापुढे बोइंगच्या एका नव्या बाँबफेकी विमानाची चाचणी होती. विमान उभे असताना वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून एक अडसर लावतात. तो काढायचा राहिला. विमान उडाले, उभे चढले आणि कोसळले. वैमानिक नवशिके नव्हते, चांगले कसलेले होते. तेव्हा उमगले की, या यंत्राला माणसाची स्मरणशक्ती पुरी पडत नाही. म्हणून उड्डाणापूर्वी एकेक बाब वाचून पडताळण्याची यादी आली. वाण्याच्या यादीत हिंग राहिले तर आमटी अळणी होते. इथे जीव जातो.

मग कागद वाढत गेले. नकाशे, हवामानाचे पत्रक, इंधनाची नोंद, यंत्राच्या दुखण्याखुपण्याचे पुस्तक, आणि प्रवासी, सामान व इंधन यांच्या वजनाचा तक्ता. वैमानिकाची काळी पेटी अमेरिकेत १६ किलोंच्या घरात गेली. वजन मोजण्याच्या कागदांचेच एवढे वजन!

आता घरातला प्रश्न. २६ एप्रिल १९९३. मी तेव्हा बारा वर्षांचा होतो. वडील एका जिनिंग कारखान्यात काट्यावर कारकून. रुईची गाठ काट्यावर चढली की हमाल मोठ्याने आकडा उच्चारी, वडील तो चिठ्ठीवर लिहीत आणि लिहिलेला आकडा पुन्हा मोठ्याने म्हणत. एक गाठ साधारण १७० किलोंची. त्या दिवशी ते गाठींच्या मालमोटारीबरोबर बीडच्या रस्त्याने गेले होते. संध्याकाळी बातमी आली, की चिकलठाण्याहून मुंबईला निघालेले बोइंग ७३७ विमान धावपट्टी संपताच बीड रस्त्यावर कापसाच्या गाठींच्या मालमोटारीला धडकले, पुढे विजेच्या तारांना लागून कोसळले. विमानात ११८ माणसे होती. त्यांतली ५५ गेली.

आईने चूल पेटवली नाही. ती उंबऱ्यात बसून राहिली, आणि मी तिच्याजवळ. वडील रात्री उशिरा आले; अडवलेल्या रस्त्यावर त्यांची मालमोटार मागे थांबली होती. पाय धुऊन ते बराच वेळ गप्प बसले. मग खिशातली वजनाची चिठ्ठी काढून मला म्हणाले, “का रे, विमानालाही अशी चिठ्ठी असते का?” मला उत्तर आले नाही.

चौकशीत पुढे दोन कारणे निघाली: वैमानिकांनी विमानाचे नाक उशिरा आणि चुकीच्या रीतीने उचलले, आणि उड्डाणाच्या वेळी रस्त्यावरची वाहतूक रोखलेली नव्हती. नाक कोणत्या वेगाला उचलायचे, हे वजन, हवेची उष्णता आणि धावपट्टीची लांबी यांवरून आधी काढतात, असे माझ्या विद्यार्थ्याने समजावून सांगितले. म्हणजे चिठ्ठी असते, आणि तिच्यावरचे आकडे जिवाचे असतात.

कागदावरचा आकडा चुकला तर काय होते, याचा धडा कॅनडात मिळाला. २३ जुलै १९८३ रोजी एका बोइंग ७६७ विमानात २२,३०० किलो इंधन हवे होते. तेव्हा पौंडांचे किलो नुकतेच होत होते. लिटरला किलोच्या आकड्याने गुणायचे सोडून पौंडाच्या आकड्याने गुणले, आणि निम्म्याहूनही कमी इंधन घेऊन विमान उडाले. वाटेत दोन्ही इंजिने बंद पडली. वैमानिकांनी ते घारीसारखे तरंगत गिमली येथील जुन्या धावपट्टीवर उतरवले आणि सगळे ६९ जण वाचले. आमच्या वर्गात एकक लिहायला विसरणाऱ्या मुलांना मी ही गोष्ट आवर्जून सांगतो.

मग पाटी आली. २०११ पासून अमेरिकी विमानकंपन्या टॅब घेऊ लागल्या; २०१३ पर्यंत तिथल्या एका बड्या कंपनीने सर्व विमानांतून त्या जड पेट्या उतरवल्या. नकाशा बदलला की पाने फाडून नवी लावण्याची कटकट गेली, गुणाकारही यंत्र करू लागले. आपल्याकडे फेब्रुवारी २०२५ मध्ये वैमानिकाचा परवानासुद्धा इलेक्ट्रॉनिक झाला.

पण चूक कागदाबरोबर रद्दीत गेली, असे मात्र कोणी समजू नये. २० मार्च २००९ च्या रात्री मेलबर्नहून दुबईला निघालेल्या विमानाचे वजन ३६२.९ टन होते. संगणकात भरताना तिनाच्या जागी दोन पडला: २६२.९! शंभर टन हवेत विरले. यंत्राने निमूट गणित केले, आणि ते अचूक केले. पण चुकलेल्या आकड्याचे. शेपटी जमिनीला घासत विमान धावपट्टी ओलांडून कसेबसे उठले. २७५ माणसे थोडक्यात वाचली. पुढे एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेत एका विमानतळाचा नकाशा टॅबमध्ये दोनदा शिरला, त्याने कार्यक्रमच बंद पडला आणि अनेक उड्डाणे खोळंबली. शेठजींची वीजच गेली म्हणा ना!

“मग यावर इलाज काय?” मी विचारले.

“दोघांनी आपापल्या पाटीवर वेगवेगळे गणित करायचे, गुरुजी. मग एकाने आकडा मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने ताडून पाहायचा. जुळला तरच पुढे.”

वडील ओसरीत बसून ऐकत होते. आता ते ऐंशीच्या उंबरठ्यावर आहेत. विद्यार्थी उठून त्यांच्या पाया पडला, तेव्हा त्याच्या डोक्यावर हात ठेवून त्यांनी एवढेच विचारले, “मोठ्याने वाचता ना?”

“हो, आजोबा.”

“मग ठीक,” ते म्हणाले, आणि चकलीची ताटली त्याच्याकडे सरकवली.