एक तिथि, दोन महिने

गोकुळाष्टमीच्या ज्या रात्रीं नागपुरांतल्या मराठी घरीं श्रावण वद्य अष्टमी असते, त्याच रात्रीं शेजारच्या हिंदी घरीं भाद्रपद कृष्ण अष्टमी असते. आपला महिना अमावास्येला संपतो, त्यांचा पौर्णिमेला. म्हणून शुक्ल पक्षांत नांवें जुळतात, वद्य पक्षांत एका महिन्याचा फरक पडतो. भोसल्यांच्या राज्यांत नागपूर मराठी, छत्तीसगड हिंदी. १८६१ च्या मध्यप्रांतांतहि तेंच. त्या काळचा वद्य पक्षाचा कागद हातीं आला, कीं लिहिणारा कोणत्या पंचांगाचा हें आधीं पाहावें लागतें. नाहींतर पत्राआधीं उत्तर आलेलें दिसतें! कागदावर वार असला तर निभतें, कारण महिन्याभरानें त्याच तिथीचा वार बदलतो. पण वारच नेमका वाळवीनें खाल्लेला असतो.