ओटीवरचीं माणसें

खारघर येथील माझ्या घरीं कपाटाच्या वरच्या कप्प्यांत जन्माचे दोन दाखले जपून ठेविलेले आहेत. एक माझ्या नातीचा, २००८ सालचा, पनवेल येथील. दुसरा तिच्या धाकट्या भावाचा, २०१३ सालचा, अमेरिकेंतील न्यू जर्सी येथील. आईबाप एक, घर एक, ताटाभोवतीची जागा एक. परंतु या दोन कागदांनीं त्या भावंडांच्या वाटा निराळ्या केल्या आहेत. धाकटा जन्मतःच अमेरिकेचा नागरिक झाला. थोरली तिसऱ्या वर्षीं आईबापांचें बोट धरून तेथें गेली, तेथील शाळेंत शिकली, तेथील भाषेंत मनांतल्या मनांत हिशेब करूं लागली. तरी कायम वास्तव्याच्या परवान्यासाठीं, ज्यास सर्वजण ग्रीन कार्ड म्हणतात, ती आईबापांबरोबर अद्याप रांगेंत उभी आहे. त्यांच्या अर्जाची तारीख २०१५ सालच्या मार्च महिन्यांतली. सरकारी पत्रकाप्रमाणें त्यांच्या वर्गाची रांग २०२५ च्या ऑक्टोबरांत कोठवर आली होती? १ एप्रिल २०१३ पर्यंत.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांनीं मला धीर दिला. ते म्हणाले, "गुरुजी, फरक अवघा दोन वर्षांचा, दोन वर्षांत काम झालें म्हणून समजा." सारा जन्म मुलांना त्रैराशिक शिकविण्यांत घालविलेल्या माणसास हा हिशेब पटावयास हवा होता. परंतु ही रांग त्रैराशिकास बधत नाहीं. कधीं ती चार पावलें सरकते, कधीं जागची हालत नाहीं, आणि कधीं चक्क मागें जाते. २०२२ च्या सप्टेंबरांत याच वर्गाची तारीख १ डिसेंबर २०१४ होती. आमच्या अर्जापासून ती तीन महिन्यांवर येऊन ठेपली, आणि घरांत पेढ्यांची भाषा सुरू झाली. पुढच्याच महिन्यांत ती १ एप्रिल २०१२ वर गेली, व डिसेंबरांत ८ ऑक्टोबर २०११ वर! पेढे राहिले, आणि मी, इतिहासाचा जुना मास्तर, प्रथमच स्वतःस विचारूं लागलों कीं, ही रांग लाविली तरी कोणीं? आज त्याचाच वृत्तान्त आपणांस सांगावयाचा आहे.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, एके काळीं ही रांग नव्हतीच. येथून फार दूर नसलेल्या कल्याणास जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजीं कलकत्त्याहून जहाजांत बसल्या आणि ४ जूनला न्यूयॉर्कला उतरल्या. त्यांना अडविणारीं माणसें पुष्कळ होतीं. पण तीं सारीं इकडचीं होतीं. तिकडच्या सरकारची पूर्वपरवानगी त्यांना काढावी लागली नाहीं. अमेरिकेनें १८८२ सालीं चिनी मजुरांस दार बंद केलें होतें हें खरें. इतर परदेशी उतारूमागें मात्र पन्नास सेंटांचा कर घ्यावयाचा, आणि गुन्हेगार, वेडे व निराधार यांना परत पाठवावयाचें, एवढाच नियम होता. प्रवास दोन महिन्यांचा होता, परंतु प्रवेश एका दिवसाचा होता. आज प्रवास एका दिवसाचा झाला आहे. बाकीचें आपण जाणतांच.

दार मिटलें तें पुढच्या पिढींत. मुंबईचे पारशी गृहस्थ भिकाजी बलसारा यांचें नागरिकत्व १९१० सालीं तेथील अपील न्यायालयानें मान्य केलें होतें. पण १९१७ च्या कायद्यानें आशियाच्या बहुतेक भागाभोंवतीं रेघ ओढून तेथील मजुरांस व वसाहत करूं पाहणारांस प्रवेश बंद केला; आणि १९ फेब्रुवारी १९२३ रोजीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत तेथील सर्वोच्च न्यायालयानें निर्णय दिला कीं, हिंदी मनुष्य कायद्याच्या अर्थानें गोरा नव्हे, सबब तो नागरिक होऊं शकत नाहीं. एवढ्यावर सरकार थांबलें नाहीं. ज्यांना आधीं नागरिकत्व मिळालें होतें, त्यांचेंहि काढून घेण्यास त्यानें आरंभ केला.

त्यांत कॅलिफोर्नियांतील एक वकील होते. त्यांचें नांव सखाराम गणेश पंडित. हें नांव ऐकतांच तें आपल्या ओळखीचें वाटतें. थिंद यांचीहि बाजू त्यांनींच मांडली होती. १९१४ सालीं ते नागरिक झाले होते व एका अमेरिकन बाईशीं त्यांचा विवाह झाला होता. त्यांनीं न्यायालयास सांगितलें कीं, तुमच्या शब्दावर विसंबून मीं इकडे संसार मांडला. आतां तो शब्द फिरवाल, तर माझ्या पत्नीचेंहि सर्वस्व बुडेल. १९२६ सालीं अपील न्यायालयानें त्यांच्या बाजूनें निकाल दिला. १९२७ सालीं सर्वोच्च न्यायालयानें त्यांत हात घालण्याचें नाकारलें, आणि इतरांवरील कारवाईहि सरकारनें सोडून दिली. एका माणसानें चिवटपणें लढविलेल्या खटल्यानें अनेक संसार वांचले. परंतु नव्यांना दार बंद तें बंदच राहिलें.

२ जुलै १९४६ रोजीं अध्यक्ष ट्रूमन यांनीं एका कायद्यावर सही केली आणि तें दार किलकिलें झालें. हिंदी माणसास नागरिक होण्याचा हक्क मिळाला, व साऱ्या हिंदुस्थानास मिळून वर्षाला शंभर जागा देण्यांत आल्या. चाळीस कोटींच्या देशास शंभर! देशावार वांट्याची ही पद्धत मूळ १९२० नंतरच्या दशकांतली. युरोपांतील कांहीं देशांस हजारों जागा, आणि आशियास जवळजवळ शून्य.

मग ३ ऑक्टोबर १९६५ हा दिवस उजाडला. स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशीं अध्यक्ष जॉन्सन यांनीं नव्या कायद्यावर सही केली. वंशाचा भेद गेला. पूर्व गोलार्धांतील प्रत्येक देशास वर्षाला जास्तींत जास्त वीस हजार, असें सर्वांस एकच माप लागूं झालें. शंभरावरून वीस हजार! आपले डॉक्टर व इंजिनियर गेले, मागून बायकामुलें गेलीं, आणि मराठी मंडळें उभीं राहिलीं. त्या काळीं हें माप कोणासहि अन्यायाचें वाटलें नाहीं, आणि वाटण्याचें कारणहि नव्हतें. कारण रांग लागण्याइतकीं माणसें अजून दाराशीं जमलीं नव्हतीं.

खरा पेंच १९९० च्या कायद्यानें पडला. त्या कायद्यानें दोन गोष्टी एकदम केल्या. नोकरीच्या आधारें द्यावयाचे कायमचे परवाने वर्षाला १,४०,००० ठरविले, आणि कोणत्याहि एका देशास सात टक्क्यांहून अधिक नाहींत, असा निर्बंध ठेविला. त्याच कायद्यानें तात्पुरत्या नोकरीचा एच-१बी नांवाचा परवाना निर्माण केला. पण त्यास देशाचा निर्बंध मुळींच घातला नाहीं. कोंकणांतलें जुनें घर ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस हें चटकन् उमजेल. ओटी ऐसपैस बांधली. कोणत्याहि देशाच्या पाहुण्यांस "या, बसा, काम करा" म्हटलें. आणि माजघराचें दार मात्र अरुंदच ठेविलें. पुढें २००० सालीं आणखी एक कायदा झाला. सहा वर्षें ओटीवर काढूनहि देशाच्या निर्बंधामुळें आंत घेतां येत नाहीं, त्यास आणखी बसूं द्यावें, असें त्यानें सांगितलें. हेतु दयेचा होता. परंतु त्यामुळें ओटीवर बसून म्हातारें होण्याची सोय झाली.

आतां हिशेबच करूं. माझ्या मुलाच्या वर्गास एकूण परवान्यांपैकीं शेंकडा २८.६, म्हणजे सुमारें चाळीस हजार येतात. त्यांचे सात टक्के म्हणजे अठ्ठावीसशें. त्यांत बायकामुलेंहि धरलेलीं. म्हणजे चौघांच्या एका कुटुंबांत तिघे परदेशीं जन्मलेले असले, तर तीन परवाने संपले. इतर देशांचे परवाने उरले, तर ते सर्वांत जुन्या अर्जदारांस मिळतात, आणि तेव्हांच आपली रांग झपाट्यानें सरकते. कोरोनाच्या सांथींत वकिलातींचें काम थंडावलें, नातलगांच्या वर्गांतले परवाने उरले, ते नोकरीच्या वर्गास मिळाले, आणि २०२२ च्या हिशेबी वर्षांत एकूण संख्या दोन लाख ऐंशीं हजारांच्या घरांत गेली. आमच्या पेढ्यांची आशा त्या लाटेवरची होती. लाट ओसरली, तारीख मागें गेली.

आणखी एक मौज पाहा. हा वांटा मनुष्य कोणत्या देशाचा नागरिक आहे यावर ठरत नाहीं. त्याचा जन्म कोठें झाला यावर ठरतो. नवराबायकोंपैकीं एकाचा जन्म दुसऱ्या देशांतला असेल, तर दोघांसहि त्या देशाच्या वांट्यांतून जातां येतें. माझी सून सोलापुराऐवजीं काठमांडूस जन्मली असती, तर माझी नात एव्हांना माजघरांत असती. गुण तेच, शिक्षण तेंच, काम तेंच. फरक फक्त बाळंतपण कोठें झालें याचा! एका वर्गांत साठ मुलें आणि दुसऱ्यांत सहा. दोन्ही वर्गांस दहा दहा वह्या दिल्या, आणि "आम्हीं समान वांटणी केली" म्हणून सांगितलें, तर कोणता मास्तर तें मान्य करील?

रांगेंतलीं माणसें अगदींच मुकाट्यानें बसलीं, असें मात्र नाहीं. २००७ च्या जुलैसाठीं निघालेल्या पत्रकानें नोकरीच्या जवळजवळ सर्व वर्गांस अर्ज करण्यास मोकळीक दिली; लोकांनीं वैद्यकीय तपासण्या केल्या, कागद जमविले; आणि २ जुलैला ती मोकळीक मागें घेण्यांत आली. तेव्हां अर्जदारांनीं काय करावें? त्यांनीं त्या खात्याच्या प्रमुखांस शेंकडों पुष्पगुच्छ पाठविले. आदल्याच वर्षीं पडद्यावर आलेल्या, मुंबईंत घडणाऱ्या मुन्नाभाईच्या गांधीगिरीचा तो धडा होता. तीं फुलें लष्करी रुग्णालयांतील जखमी शिपायांकडे पाठविण्यांत आलीं. आणि १७ जुलैला सरकारनें निर्णय फिरवून महिन्याची मुदत दिली. मूळ नियम मात्र हालला नाहीं. देशाचा निर्बंध काढण्याचें विधेयक २०१९ सालीं प्रतिनिधिगृहांत ३६५ विरुद्ध ६५ मतांनीं संमत झालें, २०२० च्या डिसेंबरांत दुसऱ्या सभागृहानेंहि त्याचें निराळें रूप संमत केलें. परंतु दोहोंचा मेळ बसला नाहीं, आणि तें तसेंच विरून गेलें.

नियम निराळा असूं शकतो, याचा दाखला शेजारींच आहे. कॅनडानें १९५१ सालीं भारतास वर्षाला अवघ्या दीडशें जागा दिल्या होत्या. १९६७ सालीं त्या देशानें शिक्षण, भाषा, वय व कौशल्य यांस गुण देण्याची पद्धत सुरू केली. तेथेंहि खोळंबा होतो, नकार मिळतात. परंतु तुमच्या आईनें तुम्हांस कोठें जन्म दिला, यावर कुशल कामगाराची रांग ठरत नाहीं.

श्रोतेहो, या इतिहासांत मला माझी स्वतःची चूकहि सांपडली. २०११ सालीं मुलगा निघाला, तेव्हां "चार-पांच वर्षांत सारें स्थिर होईल" असें अभिमानानें सांगणारा मीच. दुसऱ्यांच्या मुलांना मीं सनावळ्या पाठ करावयास लाविल्या. पण ज्या चार सनांवर माझ्या घराचें भवितव्य टांगलें होतें, त्या उघडून पाहिल्या नाहींत.

आतां कसोटी आहे ती २०२९ सालीं. त्या वर्षीं नात एकवीस पूर्ण करील, आणि कायद्याच्या दृष्टीनें तिचें "मूलपण" संपेल. आईबापांच्या अर्जावरून तिचें नांव गळेल. २००२ च्या एका कायद्यानें अर्जाच्या छाननीस लागलेले दिवस वयांतून वजा करण्याची सोय केली आहे. परंतु छाननी संपल्यावर रांगेंत उभें राहण्यांत गेलेलीं वर्षें त्यांत धरलीं जात नाहींत. म्हणजे जी दिरंगाई मुळांत रांगेची, ती मुलाच्या वयांत मोजली जाते.

गेल्या दिवाळींत ती दूरध्वनीवर मला म्हणाली, "आजोबा, आम्हांला परवाना मिळत नाहीं, म्हणजे बाबांचें कांहीं चुकलें का?" हा प्रश्न कितीतरी घरांतून मुलांच्या मनांत असेल. त्यासाठींच हें सारें आज सांगितलें. मीं तिला १९१७, १९४६, १९६५ आणि १९९० हे चार सन सांगितले, आणि म्हणालों, "बाळ, बाबांचें कांहीं चुकलें नाहीं. ही रांग माणसांनीं कायदा करून लाविली आहे, आणि माणसें ती बदलूंहि शकतात. पण तोंपर्यंत तूं आपलें आयुष्य थांबवूं नकोस." तिनें टोरांटोच्या विद्यापीठाचीं माहितीपत्रकें मागविलीं आहेत. तिची आजी त्यावर कांहीं बोलत नाहीं. मीं मात्र पनवेलच्या त्या दाखल्याच्या आणखी दोन प्रती काढून ठेविल्या आहेत. कोणत्याहि दारीं गेली, तरी तो कागद पहिल्यानें मागतील.