उत्तरेकडील अरण्याचें दप्तर

इतिहास म्हटला म्हणजे राजे, लढाया, तहनामे व सनदा एवढेंच बहुतेक वाचकांच्या डोळ्यांपुढें उभें राहतें. अरण्यालाहि इतिहास असतो, आणि त्याचीं साधनें तपासतांना बखर व अस्सल पत्र यांमध्यें जी निवड करावी लागते तीच तेथेंहि करावी लागते, हें सहसा कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. स्वीडन व नॉर्वे या देशांतील स्प्रूस वृक्षासंबंधीं जो वाद माजला, तो आम्हांस या दृष्टीनें फार बोधप्रद वाटतो.

ज्यांनीं हिमालयांतील देवदार पाहिला असेल त्यांस स्प्रूसची कल्पना सहज येईल. तींच सुईसारखीं पानें, तोच बारमाही हिरवेपणा. आज उत्तर युरोपांत या वृक्षाचीं अफाट अरण्यें आहेत. परंतु सुमारें २१,००० वर्षांपूर्वीं स्वीडन व नॉर्वे यांचा बहुतेक सारा मुलूख प्रचंड हिमथराखालीं गाडलेला होता. मग हा वृक्ष तेथें आला कोठून, व केव्हां?

पहिलें उत्तर लेनार्ट फॉन पोस्ट या स्वीडिश भूशास्त्रज्ञानें दाखविलेल्या वाटेनें मिळालें. झाडांचे पराग वाऱ्यानें उडून दलदलींत पडतात, आणि त्यांचें कवच इतकें चिवट असतें कीं तें हजारों वर्षें टिकतें. दलदलीचे थर खणून प्रत्येकांतील पराग मोजले म्हणजे कोणत्या काळीं कोणतें झाड भरभराटीस होतें हें कळतें. १९१६ सालीं क्रिस्तियानिया, म्हणजे आजच्या ऑस्लो शहरीं, त्यानें असे आलेख विद्वानांपुढें मांडले. परागांची साक्ष सरळ होती: स्प्रूस पूर्वेकडून, फिनलंडच्या मार्गानें आला, आणि स्वीडनच्या मध्यभागांत त्याचा अंमल बसला तो सुमारें ३,००० वर्षांपूर्वीं.

साक्ष मोलाची खरी, पण साक्षीदाराचा स्वभावहि पाहिला पाहिजे. कडक थंडीच्या सीमेवर स्प्रूसला बहर क्वचितच येतो. त्याच्या खालच्या फांद्या जमिनीला टेकून मुळें धरतात व वंश तसाच पुढें चालतो. असें झाड शतकानुशतकें जगूनहि दलदलीच्या दप्तरांत त्याची नोंद जवळजवळ होणारच नाहीं! २००४ सालीं लेइफ कुलमन यांस दालार्ना प्रांतांतील एका डोंगरावर जेमतेम पांच मीटर उंचीचा एक स्प्रूस आढळला. त्याच्या बुडाखालच्या जुन्या लाकडाचें वय कार्बनपद्धतीनें ९,५५० वर्षें भरलें. आजचें खोड कांहीं शतकांचेंच आहे. पण तें लाकूड याच झाडाचें मानलें, तर रोमच काय, मोहेंजोदडोहि त्याच्यापुढें कालचें ठरतें. कुलमन यांनीं त्याला आपल्या कुत्र्याचें नांव दिलें. एवढ्या वृद्धाचा याहून थोडा अधिक मान राखावयास हरकत नव्हती.

मग तिसरा साक्षीदार पुढें आला: वंशद्रव्य. स्प्रूसच्या कुळांत एक मोठी सोय आहे. पेशींतील मायटोकाँड्रियाचा वारसा मातेकडून, म्हणजे बियांबरोबर उतरतो. हरितकणांचा पित्याकडून, परागांबरोबर. पराग वाऱ्यावर कोठल्या कोठें जातो, बीं मात्र बहुधा जवळपासच पडतें. म्हणून मातृवंश पाहिला कीं घराण्याच्या मुक्कामांचा माग लागतो. या मागानें युरोपांतील स्प्रूसचीं दोन मोठीं घराणीं स्पष्ट झालीं: एक रशियापासून नॉर्वेपर्यंतचें उत्तरेचें, दुसरें आल्प्स व कार्पेथियन पर्वतांकडील दक्षिणेचें.

२०१२ सालीं कांहीं संशोधकांनीं जाहीर केलें कीं एक विशिष्ट मातृवंश स्कँडिनेव्हियांतच आढळतो, आणि नॉर्वेंतील सरोवरांच्या गाळांतहि स्प्रूसचें फार जुनें वंशद्रव्य सांपडतें. अर्थात् कांहीं झाडें बर्फाच्या कडेशीं, त्या घोर शीतकाळांतहि तगून राहिलीं. परागपक्षाचे जुने जाणते यावर तुटून पडले. गाळांत बाहेरचें द्रव्य मिसळलें नाहीं कशावरून? त्या काळचीं पानें, बिया, लांकडें कोठें आहेत? प्रश्न रास्त होते. २०२२ सालीं १५ ठिकाणचे गाळ आणि मध्य स्वीडनमधील १३५ जुनीं व १२९ आजच्या वनांतील झाडें तपासून जें निघालें, त्यानें दोन्ही पक्षांस थोडें थोडें नमविलें. दक्षिणेकडील भागांत स्प्रूस १४,७०० वर्षांपूर्वींच होता, म्हणजे परागांनीं सांगितल्याहून कितीतरी आधीं. आणि डोंगरांवरचीं तीं वृद्ध झाडें बहुधा पूर्वेकडूनच, बर्फ वितळल्यावर लौकर आलेल्या वंशाचीं आहेत. आमच्या मतें फॉन पोस्टची दिशा खरी ठरली. चुकली ती तारीख.

मात्र हें दप्तर यापुढें इतकें स्वच्छ राहीलच असें नाहीं. विसाव्या शतकांत स्वीडनमध्यें लागवडीसाठीं मध्य व पूर्व युरोपांतून स्प्रूसचें बीं आणून पेरलें गेलें. झाडें झपाट्यानें वाढलीं, पण परक्या मातृवंशाचीं अक्षरें जुन्या पानांवर उमटलीं. जीं झाडें त्या बियांच्या आधीं हजारों वर्षें तेथें मुळें धरून आहेत, त्यांचेंच पान अद्याप कोरडें आहे, आणि तीं डोंगरावर, वाऱ्यांत वाढतात.